फुलमाळ्याचा जोती

काही आडनावे अशी असतात की ती उच्चारताच त्यांचा मूळ अर्थ आपण विसरून जातो. ‘फुले’ हे त्यांपैकी एक. हे नाव ऐकले की डोळ्यांपुढे शाळा उभी राहते, पाटी घेतलेल्या मुली उभ्या राहतात, सत्यशोधक समाज आठवतो. पण फुले काही आठवत नाहीत. दरवर्षी ११ एप्रिलला आणि २८ नोव्हेंबरला आपण महात्मा जोतीराव फुले यांच्या तसबिरीला झेंडूचा हार घालतो, भाषणे ऐकतो आणि आपापल्या वर्गात जातो. ज्याच्या तसबिरीला तो हार घातला, त्याच्या घराण्याचे पोटच मुळी हार गुंफण्यावर चालत होते, हे मात्र क्वचितच कोणाच्या ध्यानात येते. जोतीरावांची चरित्रे पुष्कळ आहेत आणि त्यांत त्यांच्या समाजकार्याचे वर्णन विस्ताराने आलेले आहे. या लेखात त्यांच्याकडे जरा निराळ्या बाजूने, म्हणजे बागेच्या बाजूने पाहावयाचे आहे. बागेतून शाळेत गेलेला हा मुलगा पुढे बागेला विसरला काय, एवढाच प्रश्न मी समोर ठेवला आहे.

या घराण्याचे मूळ गाव आपल्या सातारा जिल्ह्यातले, खटाव तालुक्यातील कटगुण. खटाव आणि माण म्हणजे जिल्ह्याचा दुष्काळी पट्टा. येरळा नदी खटावच्या डोंगरांत उगम पावते आणि पुढे सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते. पण वर्षाचे कितीतरी महिने तिच्या पात्रात पाण्यापेक्षा वाळूच जास्त दिसते. अशा मुलखात गोऱ्हे आडनावाचे हे माळी कुटुंब राहत होते. जोतीरावांचे पणजोबा गावचे चौगुले होते. गावच्या कुलकर्ण्याशी त्यांचे वैर आले आणि त्यांना गाव सोडून पुरंदर तालुक्यातील खानवडी येथे जावे लागले. त्यांचा मुलगा शेटीबा तेथून पुण्यास आला. शेटीबांना तीन मुलगे: राणोजी, कृष्णा आणि गोविंदा. या तिघांनी पुण्यात फुलांचा धंदा शिकून घेतला.

फुलांचा धंदा दिसायला नाजूक, पण करायला फार कठीण. मोगऱ्याची कळी उमलण्याच्या आत खुडावी लागते. त्यासाठी पहाटे उठून दवात भिजत बागेत वाकावे लागते. खुडलेली कळी बाजारभाव वाढेपर्यंत थांबत नाही. सकाळी तिला मोल असते, रात्री ती उकिरड्यावर जाते. धान्य कणगीत भरून ठेवता येते, फूल ठेवता येत नाही. म्हणून फुलमाळ्याला वेळेची किंमत घड्याळ असणाऱ्या माणसापेक्षा अधिक कळते. गोऱ्हे बंधू या कामात तरबेज झाले. गजरे, हार, तुरे, इतकेच काय, फुलांच्या गाद्यासुद्धा ते तयार करीत. पेशव्यांच्या वाड्यात त्यांची फुले जाऊ लागली आणि त्यांच्या कसबावर खूश होऊन पेशव्यांनी त्यांना ३५ एकर जमीन इनाम दिली. लोक त्यांना फुले म्हणू लागले आणि गोऱ्हे हे नाव मागे पडले. ती जमीन पुढे थोरल्या राणोजींनी आपल्याकडेच ठेवली आणि धाकट्या गोविंदरावांच्या वाट्याला स्वतःच्या कष्टाखेरीज फारसे काही आले नाही. त्यांनी फुलांचे व भाजीपाल्याचे दुकान चालवून आणि शेती करून प्रपंच सावरला.

याच गोविंदराव आणि चिमणाबाई यांच्या पोटी ११ एप्रिल १८२७ रोजी जोतीरावांचा जन्म झाला. जोतिबाच्या यात्रेचा तो सुमार, म्हणून मुलाचे नाव जोती ठेवले. मूल वर्षाचे होण्यापूर्वीच आई वारली. सगुणाबाई क्षीरसागर या नात्यातल्या बाईंनी त्याला आईच्या मायेने वाढवले. सातव्या वर्षी जोती शाळेत जाऊ लागला. पण चारेक वर्षांतच त्याची शाळा सुटली. गोविंदरावांच्या दुकानातील एका कारकुनाने त्यांच्या मनात भरवून दिले की, माळ्याच्या पोराला लिहिणे-वाचणे शिकवून काय उपयोग, त्याने तो बिघडेल मात्र. मुलाच्या हातातली पाटी गेली आणि खुरपे आले.

या ठिकाणी थोडे थांबावेसे वाटते. गोविंदराव काही दुष्ट नव्हते. मुलाने बागेत काम केले तर घराला हातभार लागणार होता, आणि शिकलेला माळी त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. आजही ज्या घरात कोणी शाळेची पायरी चढलेले नसते, तेथे बाप असाच विचार करतो. त्याला शिक्षणाचा द्वेष नसतो, भीती असते. ती भीती चाणाक्ष माणसे ओळखतात आणि तिचा उपयोग करून घेतात.

जोतीराव सुमारे तीन वर्षे मळ्यात राबले. दिवसा खुरपणी आणि पाणी पाजणे, रात्री दिव्याच्या उजेडात वाचन. हे वाचन त्यांच्या शेजारी राहणाऱ्या दोघांच्या नजरेस आले: गफार बेग मुनशी आणि लिजिट साहेब. या दोघांनी गोविंदरावांची समजूत घातली आणि १८४१ साली जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत पुन्हा दाखल झाले. त्या वेळी ते चौदा वर्षांचे होते.

गरिबीमुळे आणि अडचणींमुळे माणूस मोठा होतो, असे आपण नेहमी ऐकतो. मोगरा लावणाऱ्याला यातले खरे किती आणि खोटे किती ते कळते. मोगऱ्याला बहर यावा म्हणून त्याचे पाणी काही दिवस तोडतात. त्याला ताण देणे म्हणतात. पाने गळतात, झाड सुकल्यासारखे दिसते. मग छाटणी करून, खत घालून पाणी सोडले की ते कळ्यांनी भरून जाते. पण ताण मोजून द्यावा लागतो, आणि पाणी वेळेवर सोडावे लागते. पाणी सोडायला कोणी आलेच नाही तर झाड फुलत नाही, मरते. जोतीरावांची तीन वर्षे म्हणजे तो ताण होता असे म्हणावयाचे असेल, तर मुनशी आणि लिजिट साहेब यांनी पाणी सोडले हेही म्हटले पाहिजे. त्याच वेळी पुण्यात आणि पुण्याबाहेर किती मुले अशी असतील, की ज्यांच्या शेजारी कोणी मुनशी राहत नव्हते! त्यांची चरित्रे कोणी लिहिली नाहीत. जोतीरावांनी स्वतःच्या भाग्यावर संतोष न मानता त्या मुलांचा विचार केला, यातच त्यांचे वेगळेपण आहे.

शाळेत पुन्हा जाण्याच्या आदल्या वर्षी, १८४० साली, त्यांचे लग्न झाले होते. वधू होती नायगावच्या खंडोजी नेवसे पाटलांची मुलगी सावित्री. नायगावही आपल्याच जिल्ह्यातले, खंडाळा तालुक्यातले. ३ जानेवारी १८३१ रोजी जन्मलेल्या या मुलीला लग्नाच्या वेळी अक्षरओळख नव्हती. जोतीरावांनी तिला शिकवले. १८४७ मध्ये त्यांचे स्वतःचे शालेय शिक्षण पुरे झाले. १८४८ साली एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीत चालत असता ते माळ्याचे म्हणून त्यांचा अपमान झाला, आणि त्याच साली त्यांनी पुण्याच्या बुधवार पेठेत भिडे यांच्या वाड्यात मुलींची शाळा सुरू केली. सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. त्या शाळेत जाताना लोक त्यांच्या अंगावर शेण आणि चिखल टाकीत, हे आपण सर्वांनी क्रमिक पुस्तकांत वाचले आहे. गोविंदरावांवर लोकांचे दडपण आले आणि १८४९ साली या पतिपत्नींना घर सोडावे लागले. शाळा सोडा नाही तर घर सोडा, असा तो पेच होता. त्यांनी घर सोडले. पुढे १८५२ मध्ये विश्रामबाग वाड्यात सरकारतर्फे जोतीरावांचा शालजोडी देऊन सत्कार झाला.

सावित्रीबाईंविषयी एक गोष्ट आपण फारशी लक्षात घेत नाही. १८५४ साली त्यांचा कवितासंग्रह प्रसिद्ध झाला, आणि त्याला त्यांनी नाव दिले ‘काव्यफुले’. त्यात शिक्षणाचा आग्रह धरणाऱ्या कविता आहेत, तशाच पिवळ्या चाफ्यावर, जाईच्या फुलावर आणि गुलाबावरही आहेत. ज्या बाईच्या अंगावर लोकांनी चिखल टाकला, ती तेविसाव्या वर्षी जाईवर कविता लिहिते! नायगावच्या शेतकऱ्याच्या मुलीला आणि फुल्यांच्या सुनेला फूल ही केवळ शोभेची वस्तू नव्हती. ते तिच्या घरचे पीक होते आणि आडनावही होते.

जोतीरावांनी समाजकार्य केले ते वर्गणीवर जगून नव्हे. ते आयुष्यभर उद्योगी राहिले. त्यांनी बांधकामाची कंत्राटे घेतली, भाजीपाल्याचा व्यापार केला आणि पुण्याजवळ मांजरी येथे शेती केली. खडकवासल्याच्या धरणाचे पाणी कालव्याने आले, तेव्हा पुष्कळ शेतकरी ते घ्यायला बिचकत होते. जोतीरावांनी आपल्या मांजरीच्या जमिनीत ते पाणी घेऊन बागायत करून दाखवली. शेतकऱ्याला भाषणापेक्षा शेजारचे हिरवे शेत लवकर पटते, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते.

पाणी हा त्यांच्या आयुष्याचा फार मोठा विषय आहे. १८६८ साली त्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. या घटनेचे वर्णन करताना आपण औदार्य, समता असे शब्द वापरतो आणि ते योग्यच आहेत. पण माळ्याच्या दृष्टीने पाहिले तर तिचा अर्थ अधिक स्पष्ट होतो. ज्याने लहानपणी वाफ्यांना पाणी पाजले, त्याला हे माहीत होते की बारे देताना शेवटचा वाफा कोरडा राहू देता येत नाही. पाणी अडवणारा माणूस बागेत जसा अपराधी, तसाच समाजातही.

या अनुभवाचे सार त्यांच्या १८८३ सालच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात आले आहे. हा ग्रंथ म्हणजे केवळ भटशाही आणि सरकार यांवरील टीका असा आपला समज असतो. प्रत्यक्षात त्यात शेतीची बारीक माहिती आहे. डोंगरावरील पाने, फुले आणि मेलेले किडे कुजून त्यांचा कस पावसाच्या पाण्याबरोबर शेतात उतरतो, पण पाणी न अडवल्यामुळे तो ओढ्या-नाल्यांतून वाहून जातो, हे त्यांनी दाखवून दिले. त्यावर उपायही सांगितला: जागोजाग ताली व बंधारे घालावेत, म्हणजे पाणी जमिनीत मुरेल, विहिरींना झरे लागतील आणि माती जागेवर राहील. सरकारी लष्करातील व पोलिसांतील रिकाम्या माणसांकडून ही कामे करून घ्यावीत, तळ्यांतील गाळ लोकांना शेतात नेऊ द्यावा, जंगल खात्याने गुरांची चराई अडवू नये, चांगल्या पिकांची प्रदर्शने भरवून बक्षिसे द्यावीत, असे त्यांचे म्हणणे होते. कालव्याच्या पाण्याची पट्टी वसूल होते, पण पाणी वेळेवर मिळत नाही, ही तक्रारही त्यांनी केली आहे. खटाव-माणच्या गावांतून आज ज्या ताली आणि बंधारे घातले जातात, ते पाहिले म्हणजे कटगुणच्या या वंशजाची दृष्टी किती लांबवर पोचली होती ते कळते.

त्याच्या आदल्या वर्षी, १८८२ मध्ये, शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे त्यांनी निवेदन दिले होते. सरकारचे उत्पन्न शेतकऱ्याच्या घामातून येते आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गासाठी होतो, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी त्यांची मागणी होती. या निवेदनातील दोन गोष्टी मला फार महत्त्वाच्या वाटतात. एक, प्राथमिक शाळेत शेतीचे मूलज्ञान शिकवावे. दुसरी, शिक्षक शेतकरी वर्गातूनही निवडावेत; नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हातात धरायला ज्याला लाज वाटणार नाही, असा शिक्षक त्यांना हवा होता. ज्या मुलाला शाळेतून काढून बागेत पाठवले होते, त्याने मोठेपणी शाळा आणि बाग यांचे भांडणच मिटवून टाकले. बागेत काम करणारा शिकू शकत नाही हे एक खोटे, आणि शिकलेल्याने बागेत काम करावयाचे नसते हे दुसरे खोटे. ही दोन्ही एकाच वेलीची पाने आहेत, हे त्यांनी ओळखले होते.

१८७६ ते १८८२ पर्यंत ते पुणे नगरपालिकेचे सभासद होते. गव्हर्नर जनरल लिटन यांच्या स्वागतासाठी होणाऱ्या एक हजार रुपयांच्या खर्चाला त्यांनी एकट्याने विरोध केला. भाजीबाजारासाठी मोठी इमारत बांधण्याच्या खर्चालाही त्यांचा विरोध होता. तो पैसा शिक्षणाकडे जावा असे त्यांना वाटे. ती इमारत १८८६ साली उभी राहिली आणि तिला गव्हर्नर रे यांचे नाव मिळाले. पुढे तिलाच महात्मा फुले मंडई म्हणू लागले! भाजीपाला विकणाऱ्या गोविंदरावांच्या मुलाचे नाव मंडईला मिळाले यात औचित्य आहे, आणि काळाने केलेली थोडी थट्टाही आहे.

२ मार्च १८८८ रोजी पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ मेजवानी होती. शेले, पागोटी आणि दागदागिने यांनी सजलेल्या पाहुण्यांत जोतीराव शेतकऱ्याच्या वेषात, फाटके उपरणे आणि खांद्यावर घोंगडी अशा थाटात गेले. खरा हिंदुस्थान या दिवाणखान्यात नसून खेड्यात आहे, हे त्यांनी राजपुत्राला ऐकवले. एरव्ही ते चांगला पोषाख करीत, कंत्राटदार होते, इंग्रजी जाणत होते. त्या दिवशी त्यांनी मुद्दाम मळ्यातला वेष पसंत केला. त्याच वर्षी ११ मे रोजी मुंबईच्या जनतेने त्यांना ‘महात्मा’ ही पदवी दिली. आणि त्याच वर्षीच्या जुलैत त्यांना पक्षाघात झाला. उजवा हात निकामी झाला, तेव्हा त्यांनी डाव्या हाताने ‘सार्वजनिक सत्यधर्म’ हे पुस्तक लिहिले. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १८९१ साली, प्रसिद्ध झाले.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीरावांनी देह ठेवला. आपल्याला जाळू नये, घराच्या आवारात मिठात पुरावे, अशी त्यांची इच्छा होती आणि त्यासाठी त्यांनी खड्डाही खणून ठेवला होता. नगरपालिकेने परवानगी दिली नाही म्हणून दहन करावे लागले. दत्तक मुलगा यशवंत याच्या अधिकाराबद्दल भाऊबंदांनी तंटा काढला, तेव्हा सावित्रीबाई स्वतः टिटवे धरून अंत्ययात्रेच्या पुढे चालल्या. नंतर अस्थी आणून घराच्या आवारात पुरण्यात आल्या. पुण्यातील त्या वाड्यात आजही ती समाधी आहे. माळ्याचा मुलगा शेवटी आपल्याच परसातल्या मातीत विसावला. सावित्रीबाई त्यानंतर सहा वर्षे झटल्या आणि प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाने गेल्या.

जोतीरावांचे बीज पुढे आपल्याच भागात उत्तम रुजले. सत्यशोधक विचारात वाढलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले. तेथील मुले शेतात राबत, भाजी पिकवत, दळण दळत आणि शिकत. कमवा आणि शिका हा मंत्र साताऱ्याहून सांगलीपर्यंत गावोगाव गेला. नांगराची मूठ धरायला न लाजणारा शिक्षक हंटर आयोगापुढे मागितला गेला होता. तो या वसतिगृहांतून तयार झाला.

आमच्यापैकी पुष्कळजण घरातले पहिलेच कॉलेजात आलेले आहेत. कोणाच्या घरी तासगावकडची द्राक्षे आहेत, कोणाकडे हळद, तर कोणाकडे दहा गुंठ्यांत शेवंती. सुट्टीत घरी गेले की शेवंतीचे मुनवे लावायला, मोगरा छाटायला हात लागतो. पण वर्गात ते सांगताना आवाज खाली जातो. शिकायचे ते या मातीतून सुटण्यासाठी, असे आम्हांला घरचे सांगतात, शेजारचे सांगतात आणि आम्हीही मनातल्या मनात तेच म्हणतो. आईवडिलांचे कष्ट पाहिलेल्या मुलाने असे म्हटले तर त्यात नवल नाही. मळ्यातल्या कामात काव्य आहे असे ज्याने ते कधी केले नाही त्यानेच म्हणावे. पाठ मोडून येते आणि भाव पडला की टोपल्याच्या टोपल्या फेकून द्याव्या लागतात.

जोतीरावांनी या कष्टाचे कधीही गोडवे गायले नाहीत. उलट तो कष्ट कोण लुटतो, याचा त्यांनी हिशेब मांडला. पण हिशेब मांडता यावा एवढ्यासाठी त्यांना अक्षर हवे होते, आणि हिशेब खरा ठरावा एवढ्यासाठी बाग माहीत असावी लागत होती. या दोहोंपैकी एक जरी नसते तरी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला गेला नसता. शिकून बागेला विसरणारे त्या काळीही होते. ते साहेबाच्या कचेरीत चिकटले आणि त्यांची नावे आज कोणाला ठाऊक नाहीत. आरंभी जो प्रश्न विचारला, त्याचे उत्तर यात आहे. जोतीराव बागेला विसरले नाहीत. म्हणूनच शेतकऱ्याने शिकले पाहिजे हे त्यांनी इतक्या जोराने सांगितले, आणि शिकलेल्याला शेतकऱ्याचे दुःख वाचता आले पाहिजे हेही तितक्याच जोराने सांगितले.

येत्या ११ एप्रिलला तसबिरीला हार घालताना तो हार कोणी गुंफला, त्यातला झेंडू कोणाच्या मळ्यातला आणि त्या मळेवाल्याची मुलगी कितवीत शिकते, एवढे जरी आपण विचारले तरी तो हार योग्य गळ्यात पडला असे होईल.